खळ्याला न लागलेली आग

सुपडू,

तुला पोचवून आलो त्याला आज पाच दिवस झाले. पाच दिवसांत मी एकही थाप मारलेली नाही. बायकोनं काल वैद्याला बोलावलं. त्यानं नाडी धरली, जीभ बघितली आणि जाता जाता तिला म्हणाला, "मास्तर एखादी थाप मारेपर्यंत नुसत्या कढणावर ठेवा."

तेव्हा हे लिहितोय ते प्रकृतीसाठी समज. आणि लिहिताना सवयीनं हात इकडेतिकडे गेला तर तू नेहमीसारखा मध्येच बोल. तुझं ते "मास्तर, कमी कर थोडं" माझ्या कानात इतकं बसलंय, की दर तिसऱ्या ओळीला मी आपसूक थांबतो आणि मागे वळून बघतो.

त्या दिवसाचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी सांगितलेलं तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस. दोन वाक्यांत अडवायचास. आज अडवणारा कोणी नाही, त्यामुळे मोकळं वाटतंय आणि भीतीही वाटतेय.

होळी दोन दिवसांवर आलेली. तापी आटून डोहापुरती उरलेली. समोरच्या तीरावर तो मातीचा उंच कडा, कड्याखाली काळा डोह, आणि अलीकडे आपल्या बाजूला वाळूच वाळू. त्या वाळूत खड्डे करून तू टरबुजं लावलेली. वाडी तुझी, पण उजाडायच्या आत कोल्ह्याच्या आधी तिथे कोण पोचायचं, हे कोल्ह्यालाही माहीत होतं. शाळा भरायच्या आधी एक टरबूज हा माझा नेम होता. मी शिकवलेला भूगोल पोरांच्या डोक्यात नीट बसला नसेल तर त्यात तुझ्या टरबुजांचाही वाटा आहे.

तू एक फळ हातात घेऊन टिचकी मारत होतास. मी म्हटलं, काप. तू म्हणालास, "थांब, हाई कच्चं शे."

तेवढ्यात ते तुझ्या हातात थरथरायला लागलं.

तू माझ्याकडे संशयानं बघितलंस. "मास्तर, तू हालाडी ऱ्हायना का?"

"मन्हा हात तं आठे शेतस," मी म्हटलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

मग खालून आवाज आला. हजार भरलेल्या गाड्या एकदम लाकडी पुलावरून चालल्यासारखा. बरं, शंभर. जमीन आधी एका अंगाला गेली, मग दुसऱ्या अंगाला, आणि मग तिला कुठे जावं ते सुचेना म्हणून जागच्या जागी नाचायला लागली. मी वाळूवर आडवा पडलो आणि वाळू मला सुपात घातलेल्या दाण्यासारखी पाखडायला लागली. वाळूतून पाण्याचे फवारे उडाले, कमरेएवढे. हे तू स्वतः बघितलंस, इथे मला अडवू नकोस. सगळ्या वाडीतली टरबुजं वेल तोडून गडगडत निघाली. प्रकाशा गावच्या देवळातल्या घंटा कुणी हात न लावता वाजल्या आणि त्या मी आपल्या वाळूत पडल्या पडल्या ऐकल्या. उत्तरेकडे सातपुडा एक पाऊल दक्षिणेला सरकला. तू आयुष्यभर नाही म्हणालास. पण त्या वेळी तू डोळे मिटून बसला होतास, तेव्हा तुला बोलायचा हक्क नाही.

आणि डोह. डोहातलं सगळं पाणी एका बाजूला चढलं, थेट कड्याच्या अंगावर, परातीत पाणी घेऊन परात कलती केल्यासारखं. क्षणभर तळ उघडा पडला. मी उभ्या जन्मात न बघितलेला काळा चिखल, त्यात तडफडणारे मासे, आणि एक जुनं बैलगाडीचं चाक. मग पाणी परत आलं, आपल्या वाडीचे पहिले दोन वाफे गिळले, पुन्हा मागे गेलं. हळूहळू निवळलं. जमीनही थांबली.

तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय बोललास आठवतं? हातातलं टरबूज फुटलं होतं. आतून पांढरं. तू म्हणालास, "म्हनं नही तुले, कच्चं शे."

तिथेच मी हसायला लागलो आणि हसता हसता माझं लक्ष समोर गेलं. कड्याला वरून खाली भेग पडली होती. एका बाजूचा मातीचा डोंगरच्या डोंगर मूळ अंगापासून सुटून डोहाच्या डोक्यावर नुसता उभा होता. आपण दोघांनी एकाच वेळी बघितलं. तो पडला तर डोह जाणार कुठे? आपल्या वाळूवर. दुसरीकडे जागाच नव्हती.

आणि नेमकं त्याच वेळी सगळं गाव वाळूत उतरलं.

आपल्या गावाची ही खोड कुठल्या गावाला नसेल. आग लागो, बैल पिसाळो, गांधीलमाश्या उठोत, लोक वाळूकडे पळायचे. बापजाद्यांपासून. धाब्याची घरं, माथ्यावर हातभर मातीचं ओझं, अशा घराखाली भूकंपात कोण थांबणार? तेव्हा बाया, पोरं, म्हातारे, गुरं, कुणाच्या काखेत देव, कुणाच्या डोक्यावर हंडे-घागरी, कुणाच्या हातात पेटती चूल सोडून आणलेला तवा, असं दोनशे जणांचं गाव गाडीवाटेच्या उतारावरून खाली आलं आणि वाळूत बसलं. बसलं म्हणजे काय, विसावलं. दोघीतिघींनी तर ओल्या वाळूवर राहिलेले मासे ओच्यात भरायला सुरुवात केली.

मी धावलो. म्हटलं, "उठा, वर चला, कडा पडणार आहे, डोह अंगावर येईल."

कुणी हललं नाही. एक जण म्हणाला, "मास्तर, आज तरी थापा मारू नको, भो."

दुसरा म्हणाला, "तुन्ही सुसर कथी गयी? तीलेच सांग ना कडा धरी ठेवाले."

ती माझ्या थापांतली सुसर. आदल्या पावसाळ्यात मी तिच्या तोंडी जुंपलेला बैल दिला होता, गाडीसकट. त्याआधी पारोळ्याच्या व्यापाऱ्याचं गाठोडं दिलं होतं. दहा वर्षं मी त्या डोहात काय काय घातलं होतं, आता खरोखर डोह उठणार होता तर माझं ऐकणारं एक माणूस नव्हतं. मी शपथ घेतली. लोक आणखी हसले. भेदरलेली माणसं होती बिचारी, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं, आणि मी आयता सापडलो.

मी तुझ्याकडे बघितलं.

तुला कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दोन शेतकऱ्यांची बांधावरून जुंपली की तुला बोलवायचे. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन तू हद्द चालायचास, जिथे तुझा पाय पडेल तो बांध. ढेकूळ डोक्यावर असताना खोटं चाललं तर वंश बुडतो म्हणतात. तुझं असं, की ढेकूळ नसतानाही तू तसाच चालायचास. लग्नात नवरी कशी दिसते विचारलं तरी खरं सांगायचास. म्हणून तुला लग्नाला कमी बोलवायचे.

मला वाटलं, तू खरं सांगशील आणि लोक उठतील. पण तू लोकांकडे बघत होतास. तुला कळलं होतं की खरं सांगितलं तरी ती माणसं आधी मान वळवून कडा बघतील, मग वाद घालतील, मग म्हातारे म्हणतील हा कडा आमच्या आजापासून उभा आहे. आणि वर घरं अजून करकरत होती, तिकडे परत कोण जातो?

तू दोन पावलं पुढे आलास, ओरडला पण नाहीस. रोजच्या आवाजात म्हणालास, "खळाले आग लागनी शे. पया."

सुपडू, मी आजवर जेवढ्या थापा मारल्या त्या सगळ्यांची मोट बांधली तरी तिला त्या एका वाक्याची सर येणार नाही. खळं वर, गावाच्या पलीकडे, उघड्या माळावर. सगळ्या गावाची दादर ज्वारी, गहू, हरभरा, वर्षाचं खाणं तिथे रचलेलं. शेतकरी एकवेळ छपराखाली मरेल, पण खळं जळताना वाळूत बसणार नाही. दोनशे माणसं उठली. मासे तिथेच टाकले. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांना पाठीवर घेतलं. हंडे, घागरी, बादल्या भरून, गुरांना मारत, रडत, शिव्या देत ती गाडीवाट अशी चढली की मी त्या लोंढ्यात पाय न टेकता वर पोचलो. ही थाप नाही. एका बाजूनं गुरवाची म्हैस होती.

खळ्यावर ना धूर, ना ठिणगी. दादरीच्या गंज्या उन्हाच्या पहिल्या तिरपीत पिवळ्याजर्द, गपगार. लोक धापा टाकत थांबले. पाण्याच्या घागरी डोक्यावर तशाच. आधी गंज्यांकडे बघितलं, मग तुझ्याकडे.

कुणी काही बोललं नाही. ती शांतता मी विसरलो नाही. तू तर तिच्यातून कधी बाहेरच आला नाहीस. तुझा चेहरा राखेसारखा झाला. दोनशे जोडी डोळे, आणि त्यांच्यासमोर तू, पहिल्यांदाच खोटा. मला वाटलं, आता दगड येतील.

दगड यायच्या आत तू मोजलंस. ओठ हलवत घरं मोजलीस आणि माझा दंड धरलास. "मास्तर, रुमल्या खालेच शे."

रुमल्या अक्राणीच्या डोंगरातून टरबुजाच्या हंगामापुरता खाली आलेला. बायको, म्हातारी आई आणि एक बकरी. वळणापलीकडे वाळूत त्याची झोपडी. आपल्या खळ्यात त्याचा एक दाणा नव्हता. आगीचा लोकांनी केलेला ओरडा त्यानं ऐकला असणार आणि म्हटलं असेल, जळू दे, माझं काय जातंय? इतकं अचूक खोटं बोललास तू, पण ते ज्यांच्या घरात दाणा होता त्यांच्यापुरतंच चाललं.

आपण दोघं धावत खाली गेलो. मागून एकही माणूस आला नाही. तेही तुझ्या मनाला लागलं, मला माहीत आहे.

रुमल्या चूल पेटवत होता. मी म्हटलं, चल, कडा पडतोय. तो हसला. खाली येऊन महिनाच झाला होता त्याला, पण माझी ओळख तेवढ्यात पटली होती. समजावायला वेळ नव्हता, शब्दही नव्हते, त्याची भाषा मला येत नव्हती. म्हणून मी त्याची बकरी उचलली आणि पळालो.

मास्तर माणूस, भल्या सकाळी, खांद्यावर बकरी घेऊन वाळूतून पळतोय, मागे रुमल्या काठी घेऊन, त्याच्या मागे त्याची बायको दगड घेऊन. "मास्तर चोर शे," असा रुमल्याचा पुकारा, तोही अहिराणीत, सगळ्या गावाला कळावा म्हणून. उतारावर त्यानं मला गाठलं आणि पाठीवर चार काठ्या हाणल्या. तू म्हणायचास दोन. सुपडू, पाठ माझी होती.

पण त्याच्या मागे तू होतास, पाठुंगळीला त्याची म्हातारी, आणि तू अजून वाळूतच होतास, तेवढ्यात जमीन दुसऱ्यांदा हलली. पहिल्याच्या निम्म्यानेही नाही. कड्याला तेवढं पुरलं.

तो पडला नाही, बसला. आधी नुसता खाली सरकला, माथ्यावरच्या बाभळींसकट, सरळ उभाच्या उभा. मग डोहात शिरला. आणि डोह उठला. आवाज नंतर आला. आधी फक्त ती काळी भिंत, तिच्या माथ्यावर बाभळीच्या फांद्या, आणि भिंतीच्या पुढे पळणारा वारा, चिखलाच्या वासाचा. माझ्या मते ती दोन पुरुष उंच होती. तू म्हणायचास, "छातीलगून व्हतं पानी. मी त्यामा उभा व्हतू. तू वर व्हता." हा वाद आपला आठ वर्षं चालला आणि आता तो मी एकट्यानं जिंकलोय. असलं जिंकणं तुझ्या वाडीतल्या कोल्ह्यांना घाल.

पाण्यानं तुला उताराच्या तोंडाशी गाठलं. तू बुडालास. मला फक्त म्हातारी दिसत होती, पाण्याच्या वर, शांत बसलेली, जशी काही पाण्यावरच पाट टाकून बसली आहे. मग तिच्याखाली तुझं डोकं वर आलं. मी बकरी रुमल्याच्या अंगावर टाकली, धोतर सोडलं आणि एक टोक तुझ्याकडे फेकलं. रुमल्याला तेव्हा कुठे चोरीचा अर्थ लागला. त्यानं काठी टाकली आणि माझी कंबर धरली, बायकोनं त्याची धरली. आम्ही ओढलं. पाणी मागे फिरलं तेव्हा तुला घेऊन जायला निघालं होतं. धोतर फाटेल असं वाटलं. नंदुरबारच्या बाजारातलं होतं, फाटलं नाही. त्या दुकानदाराला मी पुढे दहा गिऱ्हाइकं दिली.

तू चिखलात पालथा पडलास. म्हातारीनं उतरून आधी बकरी चाचपली.

तुझी वाडी गेली. झोपडी, वेल, सगळी टरबुजं. ती पुढे सुरतेच्या लोकांनी खाल्ली असं मी सांगत आलोय आणि सांगत राहणार. गावात नऊ धाबी बसली. माणूस मात्र एकही गेला नाही.

आणि तू? गाव देव आठवत होतं, मी धोतराशिवाय उभा होतो, आणि तू ओकून पाणी काढल्यावर पहिलं बोललास, "मी खोटं बोलनू, मास्तर. सगळासना तोंडवर खोटं बोलनू."

आता जे आपण कधी बोललो नाही ते.

त्याच संध्याकाळी तू चावडीवर जाऊन कबूल करायला निघाला होतास. मी तुला अडवलं. म्हटलं, आज लोकांची घरं पडलीत, डोकी ठिकाणावर नाहीत. उद्या सांग. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता सांगून काय उपयोग? तुझं नाव जाईल. तिसऱ्या दिवशी मी तुला तापीचं पाणी हातात देऊन शपथ घातली. आणि मग माझं काम सुरू केलं. भूकंपाच्या धुळीचा लोट उठला, तो सुपडूला धुरासारखा दिसला, असं मी पारावर सांगितलं, भजनात सांगितलं, म्हसावदच्या बाजारात सांगितलं, ब्राह्मणपुरीच्या माझ्या सासुरवाडीला सांगितलं. लोक मान डोलवायचे. मला वाटायचं, काय बेमालूम जमलीये.

तू एकदाच चिडलास. म्हणालास, "मन्ही एक झाकाले तुन्ही शंभर."

त्यानंतर तू ढेकूळ उचललं नाहीस. धाकट्या पाटलांच्या भावाभावांत वाटणी झाली, तुला बोलवायला आले. तू दारातूनच सांगितलंस, "मन्हं डोकं आते ढेकूळना कामनं नही ऱ्हायनं." दरवर्षी कुणीतरी यायचं. दरवर्षी तू नाही म्हणायचास आणि त्या रात्री जेवायचा नाहीस. तुझी बायको मला विचारायची, यांना काय झालंय, मास्तर? मी तिला काहीतरी थाप द्यायचो. गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळल्यावर मी रोज ठरवून यायचो की आज म्हणावं, चल, तुला चावडीवर उचलून नेतो, सांगून टाक. आणि रोज टरबुजाचे भाव सांगून परत जायचो. तुझी शपथ मला सोडवता आली असती. मी सोडवली नाही, कारण लोकांनी तुला एक वाकडा शब्द बोललेला मला ऐकवला नसता. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

तर काल तुझ्या दारावर दुखवट्याला बसायला सगळं गाव आलं होतं. बाप्ये ओसरीवर, बाया आत, दार उघडं. कुणी तुझ्या टरबुजांचं बोलत होतं. माझ्यानं राहवेना. मी उठून उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. आग लागली नव्हती. धूळ नव्हती, धूर नव्हता, सुपडूला काहीही दिसलं नव्हतं. तो जाणूनबुजून खोटं बोलला, आणि ते झाकलं मी. ज्याला जे बोलायचं ते मला बोला.

पुन्हा तीच शांतता, सुपडू, खळ्यावरची.

मग आतून कौतिकबाई उठून उंबऱ्यात आली. तुझी चुलती, तोंडात दात दोन, जीभ मात्र अख्खी. म्हणाली, "मास्तर, पानी पे आधी. आठ वरीस लागनात तुले हाई सांगाले?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय? आमले डोया नहीत का? खळावर पोहचनूत, ना धूर ना धग. आम्ही एकमेकना तोंडकडे दखं. मन्हा सासरा हळूच म्हने, सुपडू खोटं बोलना. सुपडू. म्हंजे खाले मरन शे. कोनी पाय हालाडू नका. म्हनीसन तं उभा व्हतूत आम्ही. नही तं आग नही म्हनीसन मासा येचाले परत नसतूत का गयात?"

ओसरीवरचे बाप्ये खाली बघत होते. थोरला पाटील विडीची राख झटकत हळूच म्हणाला, "धुळीचं तुम्ही इतकं मन लावून सांगायचात, मास्तर. मोडवत नव्हतं."

"आनि सुपडूले कोनी काही म्हनं नही?" मी विचारलं.

कौतिकबाई म्हणाली, "काय म्हनतूत? तो मान खाले घालीसन चालना लागना. आमले वाटनं, त्यान्हं त्याले माहीत."

मी तिथून उठलो तो सरळ घरी आलो. बायको भाकरी थापत होती. मी चुलीपुढे बसून तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एक शब्द न वाढवता. आठ वर्षं ही गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली होती, झोपेत बोलेन म्हणून पालथा झोपायचो. तिनं भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "मी बी तठेच व्हतू ना खळावर. माले बी माहीत व्हतं."

सुपडू, गावाला सगळं ठाऊक आहे, हे ठाऊक नसलेले सगळ्या गावात आपण दोघंच होतो.